बॅन्शी : एका क्वाडचे इंजिन आणि त्याचे घरगुती कारागीर

यामाहा कंपनीची ‘बॅन्शी’ ही चार चाकांची क्वाड बाइक १९८७ चे मॉडेल म्हणून अमेरिकेच्या बाजारात आली आणि २००६ पर्यंत तेथे विकली गेली. वायएफझेड ३५० हे तिचे कंपनीच्या दप्तरातले नाव. ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरांचे, पाण्याने थंड राहणारे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, आणि चेनने फिरणारी मागची दोन चाके. गाडी किक मारूनच सुरू करावी लागे. रिव्हर्स गिअर नव्हता. वीस वर्षांत टाकीचे रंग बदलले, स्टिकर बदलले, किरकोळ भागही बदलले. इंजिनाची मूळ रचना मात्र कंपनीने जवळजवळ जशीच्या तशी ठेवली. या इंजिनात पुढे जी सुधारणा झाली ती गिऱ्हाइकांच्या घरामागच्या गॅरेजांत, चार माणसांच्या लेथ-शॉपमध्ये आणि कॅलिफोर्नियाच्या वाळूच्या टेकड्यांवर झाली. क्वाड बाइकच्या घरगुती दुरुस्ती-सुधारणेचा इतिहास एवढा सलग दुसऱ्या कोणत्याही गाडीत सापडत नाही.

बॅन्शीच्या आधीची वाट तीन चाकांची होती. हिवाळ्यात मोटरसायकली विकल्या जात नाहीत, तेव्हा विक्रेत्यांना त्या महिन्यांत विकता येईल असे काहीतरी द्या, अशी मागणी होंडाच्या अमेरिकी शाखेने १९६७ मध्ये जपानकडे केली. ओसामू ताकेउची या अभियंत्याने बरेच प्रयोग करून तीन चाकांची, फुग्यासारख्या जाड आणि अगदी कमी हवेच्या टायरांवर चालणारी गाडी तयार केली. १९७० मध्ये ती ‘यूएस ९०’ या नावाने विक्रीस आली. इंजिन ८९ सीसीचे, ताकद सात अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी ती जेम्स बाँडच्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या चित्रपटात झळकली. पुढे तिची इंजिने मोठी होत गेली आणि १९८१ मध्ये होंडाने ‘एटीसी २५० आर’ ही टू-स्ट्रोक, शर्यतीच्या वळणाची तीनचाकी काढली. चौथे चाक सुझुकीने आणले. १९८३ च्या मॉडेलची ‘क्वाडरनर एलटी १२५’ ही या प्रकारातली चार चाकांची पहिली गाडी मानली जाते. ती कामाची, सौम्य गाडी होती. शर्यतीच्या शौकिनांना मात्र तीनचाकीचे जोरदार इंजिन आणि चार चाकांचा तोल असे दोन्ही हवे होते. बाजार ते देईपर्यंत थांबायची अनेकांची तयारी नव्हती. तीनचाकीचे पुढचे एकच चाक काढून तेथे दोन चाकांची जोडी बसवण्याचे किट मिळू लागले, आणि अनेक एटीसी घरच्या गॅरेजात चारचाकी झाल्या. १९८५ मध्ये सुझुकीची ‘एलटी २५० आर क्वाडरेसर’ आणि १९८६ मध्ये होंडाची ‘टीआरएक्स २५० आर’ आली, तेव्हा जे लोकांनी वेल्डिंग मशिनने आधीच करून पाहिले होते तेच कारखान्यातून तयार होऊन आले.

यामाहाने या शर्यतीत वेगळा डाव टाकला. २५० सीसीचे एक सिलिंडर घेण्याऐवजी तिने रस्त्यावरच्या मोटरसायकलचे दोन सिलिंडरांचे इंजिन क्वाडच्या चौकटीत बसवले. हे इंजिन ‘आरडी ३५० एलसी’ या १९८० च्या गाडीच्या घराण्यातले. सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर, पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर. मराठी वाचकाला हे घराणे परके नाही. एस्कॉर्ट्सने ऐंशीच्या दशकात भारतात काढलेली ‘राजदूत ३५०’ याच कुळातल्या, पण हवेवर थंड होणाऱ्या आधीच्या आरडी ३५० वरून घेतलेली होती, आणि तिच्याही सिलिंडरची मापे हीच, ६४ गुणिले ५४. राजदूतची किक आणि वरच्या आरपीएमला अचानक येणारी ओढ ज्यांना आठवते त्यांना बॅन्शीच्या स्वभावाची कल्पना सहज येईल.

एका बाबतीत बॅन्शी आपल्या नात्यातल्या नव्या मोटरसायकलींच्या मागे होती. यामाहाच्या ‘आरझेड ३५०’ मध्ये एक्झॉस्ट पोर्टची उंची वेगानुसार बदलणारा पॉवर व्हॉल्व्ह होता. बॅन्शीत तो दिला नव्हता. त्यामुळे तिचा जोर आरपीएमच्या एका अरुंद पट्ट्यात कोंबलेला असे. खाली गाडी सुस्त, वर एकदम उसळणारी. पण पॉवर व्हॉल्व्ह नसल्याने इंजिन साधे राहिले आणि उघडायला सोपे झाले. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची : सिलिंडरच्या आत बिडाचे लायनर होते. पिस्टन चिकटला, भिंत ओरखडली, तर ब्लॉक लेथ-शॉपमध्ये न्यायचा, पाव मिलिमीटर वाढवून बोअर करून घ्यायचा आणि ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचा. ६४ पासून ६६ मिलिमीटरपर्यंत अशा अनेक पायऱ्या मिळत. आतून निकेलचा लेप दिलेल्या नव्या सिलिंडरांत असे करता येत नाही. तेथे लेप पुन्हा द्यावा लागतो, आणि ते काम मोजक्याच कारखान्यांत होते. चूक झाली तरी स्वस्तात निस्तरता येते, हा भरवसा बॅन्शीच्या मालकांना या बिडाने दिला. घरगुती प्रयोग फोफावले त्याचे मोठे श्रेय त्याला द्यावे लागते.

या घरगुती कारागिरांनी शून्यापासून सुरुवात केली नव्हती. टू-स्ट्रोकमधून जास्त ताकद काढण्याचे शास्त्र पूर्व जर्मनीत, झशोपाऊ येथील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने पन्नाशीच्या दशकात परिपक्व केले. टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते तेव्हा एक्झॉस्टचे तोंडही उघडेच असते, आणि त्यातले काही जळण्याआधीच बाहेर निसटते. काडेनने सायलेन्सरच्या जागी फुगीर पोटाची नळी लावली. जळलेल्या वायूचा दाब नळीच्या रुंद होत जाणाऱ्या भागात शिरतो तेव्हा मागे ओढणारी लाट उठते आणि ती सिलिंडर रिकामा करायला मदत करते. पुढे नळी निमुळती होते तेथे दाबाची लाट उलटून परत येते आणि निसटलेले मिश्रण पोर्ट बंद होण्याच्या क्षणी आत ढकलते. नळीची लांबी आणि शंकूंचे कोन यांवर हे कोणत्या आरपीएमला घडेल ते ठरते. १९६१ मध्ये एमझेडच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्तीचा, म्हणजे लिटरमागे २०० चा टप्पा गाठला. त्याच वर्षी एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ मध्ये ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद सुझुकीवर बसून त्यानेच जिंकले. पुढे जपानी टू-स्ट्रोक जगभर पसरले आणि ही विद्याही पसरली. गॉर्डन जेनिंग्ज या अमेरिकी मोटरसायकल-लेखकाचे ‘टू-स्ट्रोक ट्यूनर्स हँडबुक’ १९७३ मध्ये निघाले. नळीच्या लांबीची आणि पोर्ट किती अंश उघडे ठेवायचे याची गणिते त्यात सामान्य माणसाला करता येतील अशी मांडलेली होती. कारखान्याबाहेरच्या कारागिराला हिशेबाने काम करायला या पुस्तकाने शिकवले.

बॅन्शी हातात आल्यावर पहिला घाला साधारणपणे ‘टॉर्स’वर पडे. थ्रॉटल अडकला तर इंजिनाची ठिणगी तोडण्यासाठी कंपनीने बसवलेली ही सुरक्षा-व्यवस्था. कार्बोरेटरवरचे आणि अंगठ्याच्या थ्रॉटलजवळचे तिचे स्विच बिघडले की चांगली गाडीही अडखळू लागे. म्हणून मालक ती काढून टाकत आणि कार्बोरेटरला साधी झाकणे लावत. अडकलेल्या थ्रॉटलपासूनचे संरक्षण त्याबरोबर जाई, आणि अनुभवी कारागीर त्या बदल्यात हँडलवर दोरीने ओढायचा किल-स्विच लावायचा आग्रह धरत. तो आग्रह योग्यच होता. त्यानंतर एअर-बॉक्सचे झाकण निघे, कापडी जाळीचा मोकळा फिल्टर लागे आणि मूळ नळ्यांच्या जागी काडेनच्या धर्तीच्या फुगीर नळ्यांची, म्हणजे एक्स्पान्शन चेंबरची, जोडी येई. एफएमएफ, डीजी, टूमी अशा कॅलिफोर्नियातल्या लहान कारखान्यांच्या नळ्या त्या काळी घरोघरी पोचल्या. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मधल्या रीड व्हॉल्व्हची पातीही बदलली जात. मूळ पाती काढून बॉयसेनची दुहेरी पाती बसवणे हे तासाभराचे काम.

नळ्या आणि फिल्टर बदलला की इंजिन जास्त हवा ओढते, आणि त्या प्रमाणात पेट्रोल वाढवले नाही तर मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण जास्त तापते. बॅन्शीत वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच येते, म्हणून पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते. दोन्ही संकटे एकाच वेळी आली की पिस्टनच्या माथ्याला भोक पडते किंवा पिस्टन सिलिंडरला चिकटतो. बॅन्शीला २६ मिलिमीटरचे दोन मिकुनी कार्बोरेटर असत, आणि त्यांतले मेन जेट, पायलट जेट आणि सुई यांची जुळवणी हे या छंदातले खरे शिक्षण होते. कॅलिफोर्नियाच्या सखल वाळवंटात नीट चालणारी गाडी सुमारे दीड हजार मीटर उंचीवरच्या आयडाहोतील सेंट अँथनीच्या टेकड्यांवर नेली की तेथील विरळ हवेत तेच मिश्रण जाड पडते आणि गाडी धूर ओकू लागते. जेट लहान करावे लागतात. उन्हाळ्यात जुळवलेली गाडी हिवाळ्याच्या थंड, दाट हवेत पातळ पडते, आणि हा बदल जास्त धोक्याचा, कारण त्याची चाहूल उशिरा लागते. परीक्षा स्पार्क प्लगवर होई. पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवायची, त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून चिनी मातीच्या बुडाशी उमटलेला रंग पाहायचा. तपकिरी चांगला, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे थांबा.

जेट कितीही अचूक असले तरी कुठल्यातरी सांध्यातून चोरून हवा शिरत असेल तर सगळे वाया जाते. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधले रबरी बूट, ब्लॉकखालचे गॅस्केट, क्रँकच्या दोन टोकांची सिले ही संशयाची ठिकाणे. म्हणून इंजिन बांधून झाल्यावर त्याची दाब-चाचणी घेण्याची पद्धत रूढ झाली. एक्झॉस्टची तोंडे आणि इनटेक बंद करायचे, आत सहा पीएसआय हवा भरायची आणि सहा मिनिटे दाब टिकतो का ते पाहायचे. उतरला तर सांध्यांवर साबणाचे पाणी टाकायचे, बुडबुडे सांगतात. उजव्या बाजूचे सिल क्लचच्या खोलीत असल्याने तेथून गळती असेल तर बुडबुडे दिसत नाहीत. तेव्हा गिअरचे तेल जळाल्याचा धूर किंवा श्वासनळीतून येणारी हवा यांवरून ओळखावे लागते. हिशेबी आणि उतावळा कारागीर यांतला फरक या सहा मिनिटांत उघड होई. असंख्य बॅन्शींच्या नाशाचे मूळ नव्या नळ्यांत नव्हते. न केलेल्या या चाचणीत होते.

यापुढची पायरी पोर्टिंगची. सिलिंडरच्या भिंतीतली दारे लवचिक शाफ्टच्या ग्राइंडरने कोरायची. एक्झॉस्टचे दार वर सरकवले की ते लवकर उघडते आणि जास्त वेळ उघडे राहते. त्याने वरच्या आरपीएमची ताकद वाढते आणि खालची ओढ जाते. दार रुंद केले तर पिस्टनची रिंग त्यात अडकून तुटण्याची भीती. क्रँकच्या टोकाला अंशांची चकती लावून प्रत्येक दार कधी उघडते ते मोजायचे, कागदावर नकाशा काढायचा आणि मगच धातूला हात लावायचा, कारण कोरलेला धातू परत भरता येत नाही. हेडमध्येही मोठी सोय झाली. प्रो-डिझाइन या कंपनीच्या ‘कूल हेड’मध्ये ज्वलनकक्षाचे घुमट सुटे असत, साध्या पेट्रोलवर चालायचे तर मोठे, शर्यतीच्या जास्त ऑक्टेनच्या इंधनावर चालायचे तर लहान. नवे हेड न घेता कॉम्प्रेशन बदलता येऊ लागले.

मूळ क्षमता कमी पडू लागली तेव्हा कारागीर क्रँककडे वळले. ‘चार मिलिमीटर स्ट्रोकर’ हा सर्वांत लोकप्रिय बदल. ५४ ऐवजी ५८ मिलिमीटर धाव. व्यास ६४ च राहिला तरी इंजिन ३७३ सीसीचे होते. पिस्टन दोन मिलिमीटर जास्त वर आणि दोन मिलिमीटर जास्त खाली जातो, म्हणून हेडचे घुमट खोल करावे लागतात किंवा ब्लॉकखाली जाड पट्टी घालावी लागते, आणि सगळ्या पोर्टांचे हिशेब नव्याने मांडावे लागतात. बॅन्शीचा क्रँक दाबून जोडलेल्या तुकड्यांचा असल्याने जास्त ताकदीखाली तो पिळवटतो. त्यावर त्याच्या पिना वेल्ड करून घेण्याचा उपाय निघाला. नव्वदच्या दशकानंतर तर लहान कारखान्यांनी संपूर्ण नवे सिलिंडर ओतायला सुरुवात केली. ‘कब’ नावाने ओळखले जाणारे सिलिंडर ६८ मिलिमीटर व्यासाचे. ५८ च्या धावेबरोबर त्यांची क्षमता ४२१ सीसी होते, आणि हा ‘४२१’ आकडा बॅन्शीवाल्यांत स्वतंत्र ओळख बनला. ‘चीता’ सिलिंडर त्याहूनही मोठे. ड्रॅग-शर्यतीची इंजिने मिथेनॉलवर जाऊ लागली. पेट्रोलच्या सुमारे दुप्पट इंधन त्यांना लागते, म्हणून कार्बोरेटरही आतून पालटावे लागत.

एवढ्या ताकदीची भूक लागण्याचे कारण वाळू होती. कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात मेक्सिकोच्या सीमेलगत इंपीरियल वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे. सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद. जवळच्या वस्तीवरून त्याला सगळे ग्लॅमिस म्हणतात. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तेथे तंबू आणि गाड्यांचे शहर उभे राहते. ओल्ड्समोबिल हिल नावाच्या उतारावर दोन गाड्या पायथ्याशी उभ्या राहतात आणि माथ्यापर्यंत शर्यत लागते. वाळू चाकाला सतत मागे धरते. तिच्यात चाळीस अश्वशक्तीही अपुरी वाटते. येथेच मागच्या चाकांना फावड्यासारख्या उभ्या पट्ट्यांचे पॅडल टायर लागले, पुढची चाके उचलली जाऊ नयेत म्हणून मागचा स्विंगआर्म लांब झाला आणि घसरणाऱ्या क्लचला कडक स्प्रिंगा, पुढे वेग वाढेल तसा स्वतःहून घट्ट होणारा लॉक-अप क्लच आला. मोटोक्रॉस आणि जंगलातल्या शर्यतींत गरज उलटी होती. तेथे जोरापेक्षा तोल महत्त्वाचा, म्हणून पुढचे ए-आर्म लांब आणि मागचा अ‍ॅक्सल रुंद करून गाडी पसरट केली जाई. लोनस्टार, लेगर, रोल डिझाइन यांसारख्या कंपन्या या कामातून उभ्या राहिल्या.

कंपनीने इंजिन का बदलले नाही, याचे उत्तर बरेचसे १९८८ सालात सापडते. तीनचाकींच्या अपघातांनंतर अमेरिकी सरकारचा ग्राहक-सुरक्षा आयोग आणि होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी, पोलारिस या कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत दहा वर्षांचा करार झाला. नव्या तीनचाकींची विक्री थांबली, आणि ९० सीसीवरील क्वाड १६ वर्षांखालील मुलांसाठी विकायच्या नाहीत असे ठरले. त्या वातावरणात वेगवान क्वाडवर पैसा लावायला कोणी धजेना. होंडाची टीआरएक्स २५० आर १९८९ मध्ये बंद झाली, सुझुकीची ४९९ सीसीची ‘क्वाडझिला’ १९९० मध्ये आणि क्वाडरेसर १९९२ मध्ये. मोठ्या टू-स्ट्रोक स्पोर्ट क्वाडच्या बाजारात जपानी कंपन्यांपैकी यामाहा जवळपास एकटी उरली. स्पर्धाच नाही तर नवे इंजिन कशाला, असा व्यवहार तिने केला. आणि गिऱ्हाइकांना दुसरी गाडी नसल्याने त्यांनी आहे तिच्यातच जीव ओतला. वीस वर्षे तेच सिलिंडर, तेच बोल्ट, तीच मापे राहिल्याने १९८८ मध्ये बनवलेली नळी २००५ च्या गाडीलाही बसे. सुटे भाग बनवणाऱ्या लहान धंद्याला याहून अनुकूल काही असू शकत नाही.

फोर-स्ट्रोकच्या पुनरागमनातही घरच्या कारागिराने कारखान्याला मागे टाकले. १९९९ मध्ये होंडाने ‘टीआरएक्स ४०० ईएक्स’ काढली. ८५ मिलिमीटर व्यासाच्या तिच्या ३९७ सीसी इंजिनात ८९.५ मिलिमीटरचा पिस्टन घालून ४४० सीसी करणे लवकरच नेहमीचे काम झाले. त्याच सुमारास मोटोक्रॉस मोटरसायकलींत ४५० सीसीची हलकी फोर-स्ट्रोक इंजिने आली, आणि शर्यतवाल्यांनी ती काढून टीआरएक्स २५० आर च्या धर्तीवर बांधलेल्या चौकटींत बसवली. या ‘हायब्रिड’ गाड्यांनी पुरेशी धूळ उडवल्यावर, २००४ मध्ये यामाहाची वायएफझेड ४५० आणि होंडाची टीआरएक्स ४५० आर बाजारात आल्या. १९८५ च्या आसपास चौथ्या चाकाबाबत जे झाले होते, तेच पुन्हा झाले.

टू-स्ट्रोकचा शेवट नियमांनी केला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये करमणुकीच्या वाहनांसाठी धुराच्या मर्यादा ठरवल्या आणि २००६-०७ मध्ये त्या लागू झाल्या. न जळलेले पेट्रोल आणि तेल बाहेर टाकणारे बॅन्शीचे इंजिन त्यांत बसणे शक्य नव्हते. २००६ चे मॉडेल अमेरिकेतले शेवटचे ठरले. ऑस्ट्रेलियात ती २०१२ पर्यंत विकली गेली. त्याच २००६ मध्ये यामाहाने इंधन-इंजेक्शनची ‘रॅप्टर ७००’ आणली, आणि जेटांच्या डबीची जागा हळूहळू पेट्रोलचा नकाशा बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीने घेतली. प्लगचा रंग वाचण्याऐवजी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर वाचला जाऊ लागला. नव्या नियमांखाली मान्यता मिळालेल्या गाडीची उत्सर्जन-यंत्रणा काढणे कायद्याने निषिद्ध ठरल्याने, आधीच्या पिढीला मोकळे असलेले बरेच बदल नव्या गाड्यांवर शर्यतीपुरतेच उरले.

जुन्या बॅन्शीचे भाग मात्र बनतच राहिले. पिस्टन, क्रँक, सिलिंडर, हेड, रेडिएटर, क्लच, स्विंगआर्म, चौकट, एवढेच काय, अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली क्रँककेसही बाहेरच्या लहान कारखान्यांकडून मिळते. यामाहाचा एकही मोठा भाग न वापरता बॅन्शीचे आख्खे इंजिन आज बांधता येते, आणि ग्लॅमिसच्या उतारावर शर्यतीला उभ्या राहणाऱ्या अनेक इंजिनांत कंपनीने मूळ दिलेले भाग मोजकेच उरलेले असतात.